तळघरात पाणी कुठून येतं?

"आत येऊ नका, तिथेच थांबा," बॉबिन म्हणाली आणि तिने बादलीभर पाणी ताईच्या पायांशी ओतलं.

याला काय पाहुणचार म्हणायचा? ताई आणि तिचा धाकटा भाऊ गोटी दोन बस बदलून, चिंब भिजून, सुट्टीत मैत्रिणीकडे शहरात आले होते. बॉबिन गेल्या वर्षापर्यंत ताईच्याच बाकावर बसायची. आई शिवणकाम करते म्हणून वर्गाने तिचं हे नाव पाडलं होतं. आता मायलेकी या उंच इमारतीच्या तळघरात राहत होत्या. एक खोली, एक मोरी, दोन शिलाई मशीनं, आणि आज सगळीकडे घोट्याएवढं पाणी.

बॉबिनची आई, जिला ही दोघं मावशी म्हणत, शाळेच्या गणवेशांचा गठ्ठा पिळत होती. नवेकोरे, कालच शिवून झालेले, आणि खालचे सगळे चिखलाने माखलेले.

तेवढ्यात दारात इमारतीचे अध्यक्ष आले. हातात छत्री, कपाळावर आठ्या.

"पुन्हा तेच," ते म्हणाले. "चिंध्या मोरीत टाकता, नाली तुंबते, पाऊस आला की खोली भरते. भिंतींना ओल येते ती वेगळीच. संध्याकाळी समितीला घेऊन येतो. त्यांनी एकदा डोळ्यांनी पाहिलं की खोली रिकामी करायची."

"मी मोरीत एक दोरासुद्धा जाऊ देत नाही," मावशी म्हणाली.

"सगळे असंच म्हणतात," अध्यक्ष म्हणाले आणि गेले. पाण्यात उभ्या असलेल्या बाईचं दोन मिनिटं थांबून ऐकून घ्यावं, एवढीही रीत नाही.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाय पाण्यात होते, तरी गेली.

"हे कोण लागून गेले? तू का ऐकून घेतेस गं, मावशी?"

"घर त्यांच्या हातात आहे, बाळा. दुसरीकडे मशीनं ठेवायला जागा कोण देतंय?"

मावशी पुन्हा पिळायला लागली. ताईने दुसरी बादली उचलली आणि तिघं मुलं कामाला लागली. बादल्यांवर बादल्या झाल्या, पण पाणी काही हटेना.

"ताई," गोटी म्हणाला, "पाऊस तर केव्हाच थांबलाय."

खरंच. खिडकीच्या फटीतून ऊन आलं होतं. मोरीच्या जाळीतून मात्र पाणी बुडबुड करत वर येतच होतं. गोटी खाली वाकला आणि त्याने नाक जवळ नेलं.

"शी, काय करतोस?"

"वास बघ ना. हा पोहण्याच्या तलावाचा वास आहे. मी शिकायला जातो तिथे असाच येतो. डोळे चुरचुरतात तो."

बॉबिनने हातातली बादली खाली ठेवली. "मागच्या बाजूला तलाव आहे," ती हळूच म्हणाली. "आम्हाला तिथे जायची परवानगी नाही."

"मला कुणी मनाई केलेली नाही," ताई म्हणाली आणि निघालीसुद्धा.

तलाव अर्धा रिकामा होता. छपराखाली तलाववाला खुर्चीत रेलून बसला होता. ताईने राग गिळला आणि गोड आवाज काढला.

"काका, पाणी कुठे गेलं हो?"

"सोडलं. गढूळ झालं होतं."

"पावसातच सोडता?"

"मग काय तर. कोरड्या दिवशी सोडलं तर रस्त्यावर ओघळ जातो, लोक बोंबलतात पाणी वाया घालवता म्हणून. अध्यक्ष हुशार आहेत. म्हणाले, पाऊस असेल तेव्हाच सोडायचं, कुणाच्या लक्षात येत नाही."

"आणि ते जातं कुठे?"

"त्या कुंडीतून खाली." त्याने तलावाच्या कडेला सांडपाण्यासाठी बांधलेल्या खड्ड्याकडे बोट दाखवलं.

"खाली म्हणजे कुठे?"

"खाली म्हणजे खाली. माझं काम नळाची चावी फिरवायचं." त्याने जांभई दिली. "आत्ताच बंद केलंय. उरलेलं पुढची सर आली की सोडेन."

ऐकलंत? कुणाचं घर बुडतंय, कुणाची कमाई भिजतेय, आणि वरचे म्हणतात खाली म्हणजे खाली! ताई तिथेच भांडायला निघाली होती. बॉबिनने तिचा हात घट्ट धरला.

"भांडून काय होईल? आईचं कोण ऐकतं, जे आपलं ऐकतील? त्यांना दिसलं पाहिजे."

आणि काय दाखवायचं, हेही बॉबिननेच सुचवलं. पांढऱ्या सदऱ्यांसाठी मावशीकडे नीळ होती, पुडेच्या पुडे. गोटी ते पोटाशी धरून कुंडीपाशी जाऊन लपला. तळघरातलं पाणी एव्हाना ओसरलं होतं. ताईने आणि बॉबिनने एकूण एक कपडा उचलून मशीनांवर आणि टेबलावर रचला.

संध्याकाळी आभाळ पुन्हा भरून आलं. समिती खाली उतरली तेव्हा पहिले थेंब पडत होते. अध्यक्ष पुढे, मागे पहिल्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई आणि आणखी दोघं.

"आला पाऊस," अध्यक्ष खुशीत म्हणाले. "आता बघाच कसं भरतं ते."

सगळे मोरीकडे बघत राहिले. जाळी गुरगुरली आणि पाणी आलं. निळंशार. ते जमिनीवर पसरलं, अध्यक्षांच्या बुटांवरून गेलं आणि पांढऱ्या विजारीला चांगलंच लागलं.

"हे काय आहे?" ते किंचाळले.

"पाऊस," ताई म्हणाली. "तुमच्याकडे निळा पडतो वाटतं."

"ही पोरांची खोडी आहे. यांनीच नीळ टाकलीय."

"हो, आम्हीच टाकली. कुठे टाकली ते विचारा."

"कुठे टाकलीत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तलावाच्या कुंडीत. तुमचा तलाव आमच्या घरात रिकामा होतो," बॉबिन म्हणाली. "प्रत्येक पावसात. गोटीने वाकून मोरीचा वास घेतला, तेव्हा कळलं. खोटं वाटत असेल तर चावी बंद करून बघा."

ताईने जिन्यातून हाक दिली. वर गोटीने तलाववाल्याच्या मागे लागून चावी बंद करायला लावली. बाहेर सर धो धो कोसळत होती. मोरीतलं पाणी मात्र थांबलं, मग उतरलं आणि जाळीतून खाली गेलं. चिंध्या काही निघाल्या नाहीत.

"तलाव पावसात सोडायचा हे कुणी ठरवलं?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

अध्यक्ष रुमालाने विजारीवरची नीळ पुसायला लागले.

"आम्ही मोठ्या माणसांनी कधी खाली येऊन बघितलंच नाही," बाई मुलांना म्हणाल्या. "तुम्ही वाकून वास घेतलात. शाबास. खोली कुणीही रिकामी करणार नाही. गणवेशांचं कापड समिती भरून देईल आणि तलावाची नाली आधी वेगळी होईल."

"ठीक आहे, ठीक आहे," अध्यक्ष डॉक्टरीणबाईंना म्हणाले. "झाली थोडी गफलत."

"त्यांना काय सांगता?" ताई म्हणाली. "चिंध्या टाकते असं तुम्ही मावशीला म्हणालात."

अध्यक्ष मावशीकडे वळले. निळ्या पायांनी उभे राहून काहीतरी पुटपुटले. त्यात माफी हा शब्द असावा.

एरवी मावशी असू द्या म्हणाली असती. तिने पिळलेला सदरा बाजूला ठेवला.

"मोठ्याने बोला," ती म्हणाली. "मशीनच्या आवाजात मला ऐकू येत नाही."

मशीन बंद होतं. अध्यक्षांनी पुन्हा सांगितलं, मोठ्याने.