तव्यावरचा ठोका

जैनथकडच्या तलावावर हैदराबादच्या विद्यापीठाची माणसं उतरली होती. आंध्राचं राज्य होतं तेव्हाची ही गोष्ट. त्यांचा स्वयंपाक बयनाबाईकडे होता. काठावरच चूल, ज्वारीची भाकर आणि शहरातल्या पोरांच्या डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा.

त्यांचे सर, सुधाकरराव, मूळचे भैंशाचे, म्हणून मराठी बोलायचे. माशासारखं एक पिवळं यंत्र ते पाण्यात सोडायचे. त्याला ना वायर ना दोरी. काठावरची पेटी पाण्यातून आवाजाची हाक मारायची, मासा तळातून ओ द्यायचा. ओ यायला किती वेळ लागला त्यावरून पेटी अंतर दाखवायची.

बयनाबाईचा नवरा दौलत भोई याच तलावात जाळं टाकायचा. एका पावसाळ्यात त्याचा डोंगा रिकामाच काठाला लागला. दौलत सापडलाच नाही. बयनाबाईनं कुंकू पुसलं नाही, बांगडी फोडली नाही. कोणी बोललं तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

पितृपक्ष लागला होता. दुपारी दीर उत्तमराव चुलीशी येऊन बसला.

"वयनी, उद्या दौलतच्या नावानं पत्रावळ मांडतो. किती वर्सं उपाशी ठेवता त्याले?"

"मुडदा दाखवा, मंग मांडा. जित्या माणसाचं पित्तर करून राह्यले काय?"

उत्तमराव गेला. पण पीठ थापताना तिचा हात चालेना. जिता आहे, तर येत काऊन नाही? हे तिनं आजवर कोणाला विचारलं नव्हतं.

दिवस कलला. पोरांनी मासा बाहेर काढून वाळूवर ठेवला आणि सगळी गावात चहाला गेली. सर एकटेच पेटीला जोडलेलं ऐकायचं यंत्र कानाला लावून बसले होते. पाणी काळं पडत चाललं. वाऱ्यावर ओल्या जाळ्याचा वास आला. जाळं तर तिथं कोणाचंच नव्हतं.

"बयनाबाई... तलावात कोणाचा डोंगा आहे का?"

"नाई. काऊन?"

"मासा तर बाहेर आहे. मग ओ कोण देतंय..."

त्यांनी कानाचं यंत्र तिला दिलं. आधी नुसती खोल पाण्याची घूं. मग, टक... टक... टकटक.

मासे जाळ्याकडे हाकायला सगळेच भोई डोंग्यावर वल्हं आपटतात. पण हा ठोका मासळीसाठी नव्हता. जाळं आवरल्यावर दौलत असा ठोका द्यायचा. तवा ठेव, निघालो. मग ती काठावरून तव्यावर सराटा आपटायची. ठेवला, ये.

"सर, माह्यं बोलणं खाली जाते काय?"

"बोलणं नाही जात, बाई. ठोका जाईल..."

तिनं चुलीवरचा तवा पदरानं उचलला, पाण्यात उतरली आणि अर्धा बुडवला. चर्रकन वाफ उठली. भाकर उलटायच्या त्याच सराट्यानं तिनं ठोका दिला.

सर पेटीकडे बघत कुजबुजले, "अंतर कमी होतंय... जवळ येतंय... बाई, मागं सरा."

"तुमी सरा."

आकडा शून्यावर आला. पाणी हललं नाही. तिच्या घोट्यांभोवती तेवढं कोमट झालं. कदाचित तव्यामुळं असेल.

"लई येळ लावला," ती पाण्याकडे बघून हळूच म्हणाली. मग तोंड धुवावं तसं ओंजळभर पाणी घेऊन तिनं कपाळ पुसलं. "सर, भाऊजी सकाळी इथं आले तं त्याइले सांगा, मांडा म्हणा पत्रावळ. आजची भाकर मातर माह्या हातची."

भाकरी फडक्यात बांधून ती गावच्या पायवाटेला लागली.

"बयनाबाई, थांबा..."

ती थांबली.

"आकडा वाढत होता आता. तुम्ही थांबल्या, तर तोही थांबला..."

"कोणीकडं चालला?"

"पेटी दिशा नाही दाखवत. नुसतं अंतर..."

बयनाबाईनं डोक्यावर पदर घेतला. एकाच माणसापुरती वाट होती ती. ती एका कडेला सरली, चालायला लागली, आणि मागं न बघता म्हणाली,

"वाढू द्या सर. भाकर थंडी होते."