मास्तरांचं रिकामं अंग

भिगवणच्या बाजारातून सिंधुबाई भाजीबरोबर टेपचे सेल घेऊन आली, तेव्हा पारावरच्या कुणीतरी नेहमीप्रमाणे टोपी उडवलीच, "मास्तरीणबाई, झोपायला सेल लागणारा माणूस अख्ख्या इंदापूर तालुक्यात तुमचाच!" तिनं हसून वेळ मारून नेली.

सावळाराम मास्तर शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले होते आणि आता त्यांना जगावेगळा नाद लागला होता. हेडफोन लावायचा, दोन कानांत दोन वेगळे घुमणारे सूर सोडायचे, अंग खाटेवर ठेवायचं आणि आपण बाहेर पडायचं! त्र्याण्णव साली हे ऐकून लोक हसणारच. पण पुण्याहून दोन डॉक्टर पारखायला आले. त्यांनी माळ्यावर परातीखाली गुपचूप एक वस्तू ठेवली. खाटेवर डोळे मिटून पडलेले मास्तर उठले आणि म्हणाले, "बाळाचा बूट हाय. एकच." डॉक्टरांचे चेहरे तेव्हा बघण्यासारखे झाले होते.

सिंधुबाईचं मन मात्र त्या बुटापाशीच अडकलं. तिची छकुली चार वर्षांची असताना तापानं गेली होती. एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, म्हणून नदीकाठी बाभळीखाली पुरली. पुढं उजनीचं धरण झालं आणि गाव उठून वर नव्या गावठाणात आलं. भांडी आली, दारं-चौकटी आल्या, देवसुद्धा आले. छकुली तेवढी पाण्याखाली राहिली.

"तुमी समदीकडं जाता," त्या संध्याकाळी ती म्हणाली. "एक डाव तिच्याकडं जाऊन या की."

"अगं, तितं आता नुसतं पाणी हाय."

"भिंत आडवी येत न्हाय म्हणता. मग पाणी यील व्हय?"

मास्तरांनी हेडफोन हातात घेतला. तिला नाही म्हणणं त्यांच्या जिवावर आलं.

"जातो. पण मी डोळं उघडीपत्तुर कुणाला हाक मारू नगं. अंग रिकामं असतं... हाकेला कोण यील, सांगता येत न्हाय."

दिवेलागण झाली. टेप घुमत होता. मास्तरांचा श्वास इतका बारीक झाला, की ती पदर तोंडात धरून बसली. मग खोलीत वास आला. गाळाचा, कुजलेल्या लव्हाळ्याचा. आणि त्यात अगदी पुसट वेखंडाचा. तापात तिनं लेकीच्या टाळूला वेखंडच चोळलं होतं.

बाहेर बाया आपापल्या पोरांना घरात बोलवत होत्या. कितीतरी वर्षांत तिनं तशी हाक मारली नव्हती. ती तोंडून कधी निसटली, तिलाच कळलं नाही.

"छकुले... ये गं घरला."

मास्तरांनी डोळे उघडले. स्वतःचे हात उलटेसुलटे करून बघितले, मिशी चाचपली. मग नेहमीच्याच घोगऱ्या आवाजात म्हणाले, "आये... भाकल दे."

छकुलीला शेवटपर्यंत 'र' म्हणता आला नव्हता.

सिंधुबाईनं दुधात भाकर कुस्करून भरवली. रडत होती, हसत होती, मिशीला लागलेलं दूध पदरानं पुसत होती. मास्तर, छकुलीचे आबा, कुठं राहिले, हे मनात आलं नाही असं नाही. आलं, पण तिनं ते मागं सारलं. रात्रभर ती लेकीशी बोलत जागली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी म्हस्कू आला. मास्तरांचाच जुना विद्यार्थी, आता धरणात मासे धरायचा. तो उंबऱ्याबाहेरच थांबला.

"मास्तर घरात हायत?"

"हायत की. का रं?"

"मला आत्ता धरणात दिसलं... नावंजवळ, गळ्याइतक्या पाण्यात उभं. तितं तर बांबू टेकत न्हाय... म्हणालं, सिंधूला सांग, घरात हाय त्येला निजव. मग आमाला येता यील."

बोलता बोलता त्यानं तिच्या खांद्यावरून आत बघितलं. मास्तर जमिनीवर फतकल मारून चिंचोके खेळत होते. म्हस्कू पाय लावून पळाला.

सिंधुबाईनं दाराला कडी घातली. ज्या माणसानं जन्मात तिचा शब्द मोडला नाही, तो तिच्याच शब्दाखातर त्या गारठ्यात उभा होता. तिला त्यांची दया आली, स्वतःची लाज वाटली. तिनं अंथरूण घातलं, ते पांढरं डोकं मांडीवर घेतलं आणि थोपटायला हात उचलला. कालपासून जागे असलेले डोळे लगेच मिटू लागले.

पण एकदा पुरलेलं लेकरू पुन्हा पुरणं तिच्यानं होईना. तिनं ते डोकं गदागदा हलवलं.

"आये, झोप आली..."

"झोपू नगं, बाळा. गोष्ट सांगते, ऐक. एक व्हता राजा..."

गोष्ट ऐकता ऐकता डोकं हळूच दाराकडं वळलं. बराच वेळ ते तिकडंच टक लावून बघत होतं.

"आये... आबा दालात उभं हायती. त्यांच्या कडंवल ती बालकी पोलगी कोन हाय?"