तिवड्याला बांधलेली बोट

हनुमंतभाऊचं इंजिन चोरीला गेलं, त्या सकाळी पवनेच्या धरणाकाठी मयताला जमावी तशी माणसं जमली. भाऊनं काही कसर ठेवली नव्हती. इंजिनाला जाडजूड साखळी होती, पकडीला कुलूप होतं, वर ताडपत्री आणि ताडपत्रीवर गाठीवर गाठ. चोरांनी कुलपाला हातसुद्धा लावला नाही. बोटीची मागची फळीच करवतीनं कापली आणि फळीसकट, साखळीसकट, कुलपासकट इंजिन उचलून नेलं. आता बोला! भाऊ त्या शेपूट तुटलेल्या बोटीकडं बघत म्हणाला, "चला, वल्ही मारायचं नशिबात हाय म्हणायचं," आणि तंबाखू मळायला लागला. निम्मी तंबाखू खाली सांडली.

सुहास घारे शेजारीच उभा होता. त्या काठाला इंजिनाची बोट आता त्याची एकट्याचीच उरली होती. तोंडानं तो भाऊला धीर देत होता आणि मनात म्हणत होता, पुढचा नंबर आपला.

त्याचं चुकत नव्हतं. शनिवार-रविवारी लोणावळ्याहून दुधिवरे खिंड उतरून तंबूत राहायला पार्ट्या येतात. त्यांना तुंग आणि तिकोन्याच्या मधल्या पाण्यावर फेरी मारायची हौस असते, पण वल्ह्याच्या बोटीत कुणी बसायला मागत नाही. इंजिन सुरू झालं, पाणी फाटलं, केस उडाले की मंडळी खूश. वडिलांची जमीन धरणात गेलेली, वरच्या वावरात पोटापुरतं पिकत नाही. इंजिन होतं म्हणून घर होतं. त्यात अमृता, त्याची बायको, बाळंतपणाला शिरगावला माहेरी गेलेली, दिवस भरत आलेले. जाताना त्यानं तिला बजावलं होतं, "बाळाचं तोंड आधी मी बघणार. मी बघितल्याबिगर कुणाच्या मांडीवर द्यायचं न्हाई."

ती हसली होती. "मग वेळेवर या म्हणजे झालं. नाहीतर बसाल तिकडं पार्ट्या फिरवत."

सुहास रोज संध्याकाळी इंजिन काढून खांद्यावरून घरी न्यायला लागला. चढावर दोन दिवसांत पाठ धरली. मग बोटीतच झोपून बघितलं, तर माघातल्या गारठ्यानं दात वाजायला लागले. त्याच्याच्यानं ते निभेना, तेव्हा आत्या बोलली.

येसूबाई त्याच्या बापाची थोरली बहीण. तरणेपणीच नवरा गेला आणि ती माहेरी आली ती कायमची. घारे मंडळींचं जुनं खळं कुठं होतं, हे तिला पाण्याखालीसुद्धा दाखवता यायचं. माघात पाणी उतरलं की ते उघडं पडायचं. फरसबंद गोल जागा, आणि मधोमध दगडी तिवडा. मळणीच्या वेळी बैल ज्याच्याभोवती फिरायचे, तोच खांब. इतकी वर्षं पाण्यात राहूनही तो तसूभर हलला नव्हता, म्हणून सुहास बोट त्यालाच बांधायचा.

"बांधतोसच तितं, तर रीतीनं बांध," आत्या म्हणाली. "पयल्यांदी भाताची रास रातभर खळ्यावर पडायची. राखणीला मानूस न्हाई, कुत्रं न्हाई. आबा, तुजा आजा, राखेची रेघ मारायचा आन घरी येऊन झोपायचा."

"आन चोर?"

"यायचं की. मोकळं खळं बघून माघारी जायचं."

सुहास हसला, पण बुडत्याला काडीचा आधार. त्या संध्याकाळी भाऊच्या मदतीनं त्यानं बोट पुरती कोरड्यावर ओढून घेतली. आत्यानं चुलीतली राख डब्यातून आणली होती. तिनं त्याच्याच हातानं, बाहेरून चालत, वाकत वाकत, बोटीभोवती अखंड रेघ मारून घेतली आणि त्याच्याच तोंडून म्हणवून घेतलं, "रेघेतलं तुजं." सकाळी बाहेरूनच डाव्या पायानं रेघ पुसायची आणि म्हणायचं, "रेघेतलं माजं."

"तुजं म्हंजी कुणाचं, आत्या?"

"खळ्यावर जो हाय त्याचं. नाव इचारू नगंस. नाव घेतलं की पंगतीला बसवावं लागतं." मग त्याचा दंड धरून म्हणाली, "माल आत, आपण भाईर. आन ज्यानं मारली, त्यानंच पुसायची. आन रेघेची राख अंगाऱ्यावानी कपाळाला लावायची न्हाई, लावली की त्यो बी आतला. यवडं ध्यानात ठिव."

"ह्यात इसरायसारखं काय हाय!" सुहास म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो रेघ पुसून पेट्रोल भरत होता, तर भाऊ आला. "रातीत कुटं नेलतीस बोट? मी पहाटं हिकडनंच गेलो. तिवडा मोकळा हुता."

सुहासला वाटलं, भाऊला धुक्यात दिसलं नसेल. पण त्या रविवारी पार्टी लवकर आली आणि तिनं फोन केला. "दादा, आम्ही किनाऱ्यावर आहोत, बोट कुठाय?" सुहास उतारावरून बघत होता. पार्टी बोटीला जवळजवळ टेकून उभी होती. एक बाई तर बोटीकडं पाठ करून स्वतःचे फोटो काढत होती. तो खाली आला, डाव्या पायानं रेघ पुसली, ओठातल्या ओठात शब्द म्हटले. बाई वळली आणि दचकून मागं सरली.

"ही... इथेच होती?"

"हितंच की," सुहास म्हणाला. त्या फेरीत बाईनं एकही फोटो काढला नाही.

त्याच्या अंगावर काटा आला, हे खरं. पण खोटं कशाला सांगा, त्याला बरंही वाटलं. कुलूप नको, साखळी नको, फुकटचा राखणदार.

मग एका सकाळी रेघेच्या बाहेर कोरी करवत पडलेली दिसली. चोर येऊन गेले होते. ओल्या गाळात बुटांचे ठसे होते, आणि ते ठसे रेघेच्या कडेकडेनं गोल फिरले होते. एक फेरा नाही, दोन नाही. मळणीच्या बैलांनी तुडवावी तशी जमीन तुडवली होती. बुटांच्या मागोमाग अनवाणी पावलं होती, ओली. ती पाण्यातून आलेली दिसत नव्हती, आणि काठाकडं गेलेलीही दिसत नव्हती. सुहासनं इंजिनावर हात फिरवला. साधा ओरखडाही नव्हता. बुटांचे ठसे परत गेलेले कुठं दिसतात का, ते मात्र त्यानं शोधलं नाही. करवत उचलली आणि पाण्यात भिरकावून दिली.

गुरुवार होता. भाऊ बेडशाला लग्नाला गेला होता. उन्हं तुंगाच्या मागं कलायला लागली तेव्हा सुहास शेवटची फेरी मारून आला. एकट्याच्यानं बोट ओढवेना. निम्मी खळ्यावर आली, निम्मी पाण्यातच राहिली. तेवढ्यात मेव्हण्याचा, संदेशचा फोन आला.

"दाजी, ताईला कळा सुरू झाल्यात. सोमाटण्याला दवाखान्यात नेतोय. निघा लगेच."

"निघालो!" सुहास म्हणाला. मोटरसायकल वर रस्त्याला होती. पण इंजिन तसंच टाकून जायचं? राखेचा डबा बोटीतच होता. जन्म बोटीत गेलेला माणूस तो. दोर बांधायचा तर बोटीतून, पेट्रोल भरायचं तर बोटीतून, पाणी उपसायचं तर बोटीतून. तो बोटीत उभा राहिला, आणि वाकून एका हातानं पाण्याच्या बाजूला राख सोडत गेला, मग तसाच वळून खळ्याच्या बाजूला. टोकाला टोक मिळालं.

"रेघेतलं तुजं," तो म्हणाला.

मग त्याचं पाण्याकडं लक्ष गेलं. राख विरघळली नव्हती. लाटा येत होत्या, रेघेखालून जात होत्या आणि रेघ पाण्यावर जागच्या जागी होती.

सुहासनं बोटीतून खाली उडी मारली. रेघेशी आला. डावा पाय उचलून पुढं टाकला.

पाय आतच पडला.

त्यानं पुन्हा टाकला. बोटीच्या कडेवर चढून लांब उडी घेतली. दोन्ही पाय फरशीवर आपटले, आणि रेघ होती तिथंच, बोटभर पुढं. आतून पायानं घासली. पाय उचलला तर खाली कोरी करकरीत रेघ. मग फोन बोटीत ठेवून पाण्याच्या बाजूनं त्यानं बुडी मारली, दम तुटेस्तोवर पोहला, आणि वर आला तेव्हा हाताला लागली ती आपल्याच बोटीची कड.

"हनुमंतभाऊ!" तो ओरडला. "आत्या!"

वरच्या रस्त्यानं एक गाडी गेली. तिचा आवाज त्याला अगदी स्वच्छ ऐकू आला. त्यानं फोन लावून बघितला, पण तिकडं घंटाच वाजेना.

रात्री उशिरा फोन वाजला. अमृता होती. दमलेली, पण आवाजात हसू.

"अहो, मुलगा झाला. ऐकताय ना? कुठवर आलात?"

"अमृता! मी हितं खळ्यावर हाय! आत्याला सांग, रेघ आतून..."

"हॅलो? काहीच ऐकू येत नाही हो. हॅलो?" मग ती बाळाशी बोलावं तशी हळू बोलली. "मी कुणाच्या मांडीवर दिला नाही अजून. आई कधीची मागतीये. तुम्ही या आधी."

त्यानंतर फोन कधी वाजला नाही.

सकाळी भाऊ आला. खळ्यावर उभं राहून त्यानं हाका मारल्या. सुहास त्याच्यापासून हातभर अंतरावर होता. भाऊच्या मिशीवर पडलेलं दव त्याला दिसत होतं. भाऊनं रेघेवरून पाय फिरवला, रेघ तशीच राहिली. आत टाकायला पाऊल उचललं आणि नकळत तो कडेनं गोल चालायला लागला. एक फेरा झाल्यावर स्वतःच दचकला आणि मागं न बघता चढावर पळाला.

मग आत्या आली. रेघेजवळ टेकली. तिची नजर पाण्यावरच्या रेघेवर ठरली; तिथं बाहेरून चालत कुणाला मारता आली नसती.

"आतून मारलीस व्हय रं?" ती म्हणाली, आणि पदर तोंडात कोंबून रडली.

गावानं गळ टाकून पाणी चाळलं. कुणी म्हणालं बुडाला, कुणी म्हणालं इंजिन विकून पळाला. सुहास ते सगळं ऐकत होता. त्याला भूक लागत नव्हती. दाढी वाढत नव्हती. पेट्रोल उडत नव्हतं, इंजिनावर धूळ बसत नव्हती. जसं ठेवलं, तसं होतं. आणि रोज उजाडताना कुणीतरी रेघेच्या बाहेरून चालायला लागायचं. ओली पावलं फरशीवर उमटत जायची, चप्, चप्, एका लयीत, उन्हं कलेपर्यंत. सुहास तिकडं बघायचा नाही. तो चढावरच्या पायवाटेकडं डोळे लावून बसायचा.

सव्वा महिना झाल्यावर, भर दुपारी, त्या वाटेनं अमृता उतरली.

छातीशी दुपट्यात बाळ होतं. आत्या मागून काठी टेकत येत होती, पण तिची पावलं आता लहान झाली होती. अमृता पुढं आली ती थेट रेघेशी. सुहास उठून उभा राहिला.

बाळ रडत होतं. तांबूस, सुरकुतलेलं, मूठभर तोंड. नाक थेट आबांवर गेलेलं. बघितलं एकदाचं, सुहासच्या मनात आलं, आणि त्याला रडू फुटलं.

"अहो," अमृता मोकळ्या खळ्याकडं बघून म्हणाली, "आत्याबाई म्हणतात तुम्ही कुठं गेला नाहीत. जागच्या जागी आहात. मी मानते. मला दुसरं काही मानायचंच नाही." तिचे डोळे भरून आले. ती खाली बसली. रेघेवर तिची बोटं थांबली. "ही तुमच्याच हातची ना? बापाचा हात लागलेलं एवढंच आहे हो आमच्याकडं."

तिनं चिमूटभर राख उचलली. देवाचा अंगारा उचलावा, तशी.

"न्हाई!" सुहास ओरडला. "अमृता, लावू नगंस!"

मागून आत्यानं बघितलं. काठी टाकून ती पळत सुटली. "पोरी, थांब! थांब गं!"

अमृतानं राख बाळाच्या कपाळाला लावली.

बाळ रडायचं थांबलं. त्याची इकडं तिकडं फिरणारी नजर वळली, आणि सुहासच्या तोंडावर येऊन ठरली.

रेघेबाहेरची पावलं पहिल्यांदाच मध्येच थांबली.

अमृतानं दुपटं सावरलं. मग पुन्हा सावरलं. वजन जोखून बघावं तशी बाळाखाली तळहात घालून ती गोंधळून मागं वळली.

"आत्याबाई," ती म्हणाली, "हा असा हलका का लागतोय हो?"