तिसऱ्या पायरीवरची आत्या

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांच्याशी मी वाद घालत बसणार नाही. यातली माणसं माझ्या घरातली आहेत आणि त्यातल्याच एका बाईनं माझं मालविका हे नाव ठेवलंय.

शनिवार, २ डिसेंबर २०२३. बर्मिंगहॅममधलं हार्बोर्न. वेळ पावणेचारची.

दुपारचे पावणेचार. भुताला मध्यरात्रच लागते असं ज्यांना वाटतं त्यांनी इथला डिसेंबर पाहिलेला नाही. चारच्या आत घरात दिवे लावावे लागतात.

कस्तुरी माझी आतेबहीण, आशाआत्याची एकुलती एक मुलगी. तिचे बाबा केनियातल्या किसुमूचे, लुओ लोकांतले. नाव ओधियाम्बो. लंडनला शिकायला आले, आत्याशी लग्न केलं. कस्तुरी तीन वर्षांची असताना संसार मोडला, ते परत गेले आणि दोन वर्षांत अपघातात वारले. कस्तुरीकडे त्यांचा एक फोटो उरला आणि डोक्यावर त्यांच्यासारखे कुरळे केस.

बाकी सगळं आत्यानं पुसून टाकलं.

दर रविवारी ती कस्तुरीचे केस तेल लावून इतके ओढून बांधायची की पोरीचे डोळे ताणले जायचे. मंडळाच्या गणपतीत बायका तिच्यादेखत विचारायच्या, "ही कोणाची?" शाळेतली मुलं विचारायची, तू खरी कुठली? मोठी होऊन ती हॉस्पिटलात फिजिओ झाली. तिथं एका केनियन नर्सनं तिचं आडनाव वाचलं आणि आनंदानं लुओ बोलायला सुरुवात केली. कस्तुरीला सॉरी म्हणावं लागलं, येत नाही म्हणून. त्या संध्याकाळी ती कारपार्कमध्ये बसून स्टिअरिंगवर मुठी आपटत होती. हे तिनं मला स्वतः सांगितलं.

बाबांकडच्या लोकांविषयी विचारलं की आत्याचं उत्तर ठरलेलं.

"त्यांच्याकडचं कोणी तुझ्या बारशालासुद्धा आलं नाही."

पस्तीस वर्षं हे एकच वाक्य. कस्तुरी त्यावर विश्वास ठेवून वाढली. आपण त्या लोकांना नको होतो, हे तिनं मनाशी पक्कं करून टाकलं.

मग ११ नोव्हेंबरला सकाळी तिला मुलगी झाली.

आणि त्याच दुपारी पावणेचारला बाळ रडायला लागलं.

भुकेचं रडणं नव्हतं ते. पोटदुखीचंही नव्हतं. तास दीड तास, घसा बसेपर्यंत, रोज त्याच वेळेला. घरी बाळ तपासायला येणारी हेल्थ व्हिजिटर म्हणाली कॉलिक आहे, पोटात कळ येते, जाईल. आत्या बाळंतपणासाठी लंडनमधल्या इल्फर्डहून येऊन राहिली होती. तिनं ओव्यानं शेकलं, बेंबीला हिंग लावला, मीठमोहरीनं दृष्ट काढली. काही उपयोग झाला नाही.

कस्तुरीच्या एक गोष्ट लक्षात आली. रडताना बाळ कोणाकडेच बघायचं नाही. ते बघायचं उघड्या दाराकडे... बाहेरच्या जिन्याकडे.

एकदा ती जिना चढत होती. तिसऱ्या पायरीवर पाय ठेवला आणि...

मोजा ओला झाला.

तिचा नवरा गिरीश इंजिनिअर. त्यानं गालिचा उचलून पाहिला. खाली पाइप नाही, वर गळती नाही. बाकीच्या पायऱ्या कोरड्या ठाक. त्या एका पायरीला मात्र पावसात भिजलेल्या लोकरीचा वास येत होता.

आत्या त्या पायरीवर कधीच पाय ठेवत नव्हती. दुसरीवरून थेट चौथीवर जायची, सत्तरीची बाई, कठड्याला धरून. आणि रोज साडेतीन झाले की ती हॉलचं दार लावून घ्यायची.

"आई, दार का लावतेस?"

"थंडी येते."

"हीटिंग फुल आहे."

आत्या दाराला पाठ लावून उभी राहिली.

एका दुपारी बाळाला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालता घालता कस्तुरी म्हणाली, "आई, मी ऑनलाइन वाचलं. लुओ लोकांमध्ये ना, बेबी असं नॉनस्टॉप रडलं की फॅमिलीतल्या गेलेल्या माणसांचे नावं एकेक करून घेतात. राइट नाव आलं की बेबी शांत. म्हणजे ते माणूस आपलं नाव बाळाला द्यायला आलेलं असतं."

"ते त्यांचं. आपल्यात नसतं."

"माझ्यात आहे ना. हाफ तर हाफ."

"कस्तुरी, उगाच डोक्यात खूळ घेऊ नकोस."

"खूळ नाही. पण नावं कोणाची घेऊ? मला त्यांच्यातलं एक पण नाव माहीत नाही. तुला माहितेय?"

"नाही."

हे 'नाही' जरा लवकरच आलं. कस्तुरीला ते खटकलं, पण बाळ किंचाळत होतं आणि तिच्या अंगात भांडायचं त्राण नव्हतं.

मग बारशाचा दिवस उजाडला. मी इल्फर्डहून गेले होते. भेट म्हणून एक पेन ड्राइव्ह नेला होता. कस्तुरीच्या स्वतःच्या बारशाची व्हिडिओ कॅसेट माझ्या बाबांच्या कपाटात सापडली होती, कारण शूटिंग त्यांनीच केलं होतं. दुकानातून ती पेन ड्राइव्हवर करून घेतली. मी आधी ती पाहिली नाही. पाहायला हवी होती.

आपल्याकडे नाव ठेवायचा मान आत्याचा. ती पाळण्यात वाकते, बाळाच्या कानात कुर्र करते, नाव सांगते आणि मागे उभ्या असलेल्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. थट्टेचा भाग आहे, पण धपाट्यांशिवाय बारसं पुरं झालं असं कोणाला वाटत नाही. आमच्या बाळाची आत्या सान्वी, गिरीशची बहीण, स्टॅनमोरहून आली होती. नाव ठरलं होतं रेवा.

पाहुण्यांना यायला उशीर झाला. पाळणा हलायला लागला तेव्हा पावणेचार झाले होते.

बाळानं टाहो फोडला.

सान्वी वाकली. आम्ही चौघी हात उगारून तिच्या मागे उभ्या राहिलो.

"कुर्रर्र... रेवा."

आमचे हात अजून वरच होते. आणि...

धप्. धप्. धप्. धप्. धप्.

पाच धपाटे. जाड कपड्यावर बसावेत तसे. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. कोणाचाच हात खाली आला नव्हता.

सान्वी हळूच सरळ झाली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"माझ्या आधी कोणीतरी बोललं," ती म्हणाली. "बेबीच्या दुसऱ्या कानात. पाळण्याच्या त्या साइडनं."

त्या बाजूला भिंत होती.

"काय बोललं?" कस्तुरीनं विचारलं.

"अचियेंग. असंच काहीतरी."

पाळण्यात एकदम शांत झालं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा बाळ पावणेचारला गप्प होतं, डोळे टक्क उघडे ठेवून.

आणि आशाआत्याच्या हातातलं पेढ्यांचं ताट खाली पडलं.

गिरीशनं पाहुण्यांना जेवायला किचनमध्ये नेलं. कस्तुरी आईसमोर उभी राहिली.

"अचियेंग कोण आहे, आई?"

"मला काय माहीत."

"खोटं बोलू नकोस."

मला वाटलं, विषय बदलावा. माझं डोकं तेवढंच चाललं. मी टीव्हीला पेन ड्राइव्ह लावला आणि म्हटलं, हे बघ, तुझं बारसं.

१९८८. इल्फर्डचा हॉल. झेंडूच्या माळा, रेशमी साड्या, पाळण्यात रडून लाल झालेली कस्तुरी. ओधियाम्बो कोपऱ्यात सूट घालून उभे, कोणीतरी हातात दिलेला फोटोचा कॅमेरा सांभाळत. नाव ठेवायला वाकली शशीकाकू, आत्याची मैत्रीण. नात्याची ना गोत्याची.

पाठीत पाच धपाटे.

मग माझ्या बाबांचा कॅमेरा दाराकडे वळला. बाहेर हॉलचा जिना. तिसऱ्या पायरीवर एक उंच बाई बसली होती. हिरवा लोकरी कोट, पावसानं काळा पडलेला. मांडीवर सूटकेस. डोळे थेट पाळण्याकडे.

माझ्या बाबांचा आवाज आला, "आशा, तिला आत बोलवायचं का?"

आणि आत्याचा, तरुण, घाईत असलेला आवाज.

"नको. ओधियाम्बोला सांगू नकोस आलीये म्हणून. नाव झालं की बघू."

कॅमेरा पुन्हा पाळण्याकडे वळला.



"ती माझी आत्या होती," कस्तुरी म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "नाव ठेवायला आली होती. किसुमूहून. आणि तू तिला जिन्यात बसवलंस."

"विमानतळावरून थेट आली," आत्या म्हणाली. "तुझ्या बाबांनी तिला सांगितलं होतं, मराठी लोकांत आत्या नाव ठेवते. मला वाटलं नव्हतं खरंच येईल."

"किती वेळ?"

"दीड तास. नंतर बघायला गेले तर नव्हती."

"आणि नंतर?"

"पत्रं यायची. तुझ्या नावानं."

"कुठे आहेत?"

आत्यानं मान खाली घातली. पत्रं तिनं ठेवली नव्हती, हे आम्हाला तेवढ्यावरून कळलं.

"साठ माणसं होती हॉलमध्ये, कस्तुरी. आधीच माझ्या घरचं पाणी कोणी पीत नव्हतं. एक दिवस, फक्त एक दिवस मला वाटलं, लोकांना तू आपली वाटावीस."

"आपली म्हणजे कोणाची?" आता कस्तुरी ओरडली, आणि किचनमधल्या सगळ्यांना ते ऐकू गेलं. "मी तुमच्यात कधीच नव्हते. तिकडे जाता आलं असतं, ते पण तू काढून घेतलंस. थर्टी फाइव्ह इयर्स मी त्या लोकांचा राग केला. त्यांचा. तुझा करायला पाहिजे होता."

तिनं रिमोट उचलला आणि तो भाग पुन्हा लावला. तिला त्या बाईचा चेहरा नीट पाहायचा होता.

झेंडूच्या माळा. शशीकाकू. धपाटे. कॅमेरा दाराकडे वळला...

जिना रिकामा होता.

तिसऱ्या पायरीवर फक्त पाण्याचा डाग होता.

तेवढ्यात दाराबाहेरून, घरातल्या जिन्यातून, आवाज आला. सूटकेसचं कुलूप बंद झाल्याचा. खट्... खट्.

मी जागची हलले नाही, हे कबूल करते. कस्तुरी उठली. तिनं बाळाला उचललं, दार उघडलं आणि सरळ जिन्यापाशी गेली. ओल्या लोकरीचा वास आमच्यापर्यंत आला.

"अचियेंग," ती रिकाम्या पायरीला म्हणाली. "नाव मिळालं. थँक यू."

मग तिनं हात उगारला आणि हवेत, तिसऱ्या पायरीच्या वर, धपाटा घातला. आत्याला द्यायचा असतो तसा.

हात मध्येच थांबला. खाली गेलाच नाही.

"कोट आहे," कस्तुरी म्हणाली. ती रडत होती. "ओला आहे. मालविका, खाली हाडं लागतात हाताला."

तिनं पाच धपाटे घातले. पाचही वेळा आवाज आला.

मग ती आईकडे वळली. "आता तू."

आत्या नाही म्हणत होती. कस्तुरीनं तिचं मनगट धरून तिला जिन्यापाशी आणलं. आत्यानं डोळे मिटून हात खाली आणला. तो कशालाच लागला नाही. सरळ कठड्यावर आपटला आणि बोटाचं हाड मोडलं.

दुसऱ्या दिवशी कस्तुरीनं फेसबुकवर तिकडचं आडनाव शोधलं. संध्याकाळपर्यंत एक चुलतभाऊ सापडला. त्यानं सांगितलं, अचियेंगआत्या ११ नोव्हेंबरला गेली. तिकडचे पावणेसात वाजले होते. म्हणजे इथले पावणेचार. लंडनची एक मुलगी आहे, तिला मी भेटायचीये, असं ती म्हातारपणीही म्हणायची.

बाळाची नोंद अचियेंग रेवा अशी झाली. ती परत कधी त्या वेळेला रडली नाही. पायरी कोरडी आहे.

आशाआत्या इल्फर्डला परत गेली. कस्तुरी तिच्याशी फक्त फोनवर बोलते, तेही आत्याच करते म्हणून. रोज पावणेचारला.

"ती जिन्यात बसलीये," आत्या म्हणते. "मी आत ये म्हणते, ती येत नाही. काय करू?"

"तिच्याशेजारी जाऊन बस," कस्तुरी म्हणते. "दीड तास." आणि फोन ठेवते.

मला कोणाची बाजू घेता येत नाही. माझ्या बारशाला धपाटे खाल्ले ते याच आशाआत्यानं. तो कॅमेरा धरला होता माझ्या बाबांनी. त्यांनी एकदा विचारलं आणि मग कॅमेरा वळवला.

गेल्या महिन्यात मी आत्याला भेटायला गेले. बेल वाजवली. दार उघडायला तिला खूप वेळ लागला. तिच्या साडीचा मागचा भाग ओला होता, गारठलेला.

"बसले होते जिन्यात," ती म्हणाली.

आत्याचा फ्लॅट तळमजल्यावर आहे. त्या घराला जिना नाही.