विद्यापीठाचा फोन

पलीकडून "कोण?" असा प्रश्न आला, तेव्हा त्या आवाजामागे असंख्य माणसे एकाच वेळी भाव पुकारत होती आणि त्यांतले निम्मे शिंकत होते. दामिनीने आपले म्हणणे मनाशी दोनदा घोकले होते. तरीही ते तोंडातून बाहेर पडताना अडखळलेच.

"मी दामिनी पाटील, म्हसावदची. तुमच्या मोबाइलवर आत्ता एक कोड आला असेल... तो मला सांगता का?"

पलीकडचा तरुण आवाज अतिशय सौजन्याने म्हणाला, "ताई, तुमचे लोक एरवी दुपारी फोन करतात. आज सकाळीच?"

"माझे कोणते लोक?"

"बँकेतून बोलतो म्हणणारे."

दामिनीचा संताप झाला. पण संतापाला वेळ नव्हता. विद्यापीठाने दिवाळीनंतर नवा नियम केला होता: विद्यार्थ्याने आपले ईमेल खाते उघडायचे, तर पासवर्डपाठोपाठ मोबाइलवर आलेला कोडही भरायचा. तिचा कोड तिच्याकडे येईना. शेवटी तिने प्रवेशअर्जाची जुनी प्रत काढून पाहिली, तर तिथे तिच्या नावापुढे भलत्याच माणसाचा क्रमांक छापलेला. अर्ज शहाद्याच्या बसस्थानकाजवळच्या एका दुकानात भरला होता. तिच्या आधी जो कोणी त्या संगणकापुढे बसला होता, त्याचा क्रमांक यंत्राने लक्षात ठेवला आणि न विचारताच तिच्या रकान्यात बसवला, आणि घाईत तो कोणी तपासला नाही. हे सारे तिने सांगितले. त्याने शांतपणे ऐकले.

"पटण्यासारखं आहे," तो म्हणाला, "म्हणूनच संशय येतो. अर्ज घेऊन नंदुरबारला या. मिरचीच्या पथारीवर अभिनंदन म्हणून विचारा. खऱ्या असाल तर कोड तुमचा. खोट्या असाल तर चहा पिऊन जा."

दुसऱ्या दिवशी ती खरोखरच गेली. प्रकाशाच्या पुलावर तापी संथ होती, बस त्याहून संथ, आणि दामिनीचे मन मात्र दोघींच्या पुढे धावत होते. एम.एस्सी.चे शेवटचे वर्ष. हैदराबादच्या संशोधनसंस्थेकडे पाठवलेल्या अर्जाचे उत्तर त्याच खात्यात यायचे होते. ते उघडले नाही, तर जूननंतर म्हसावदच्या घरात स्थळांच्या चर्चेखेरीज तिच्या वाट्याला काही येणार नव्हते, हे तिला पक्के ठाऊक होते.

पथारी म्हणजे लाल रंगाचे शेतच होते. नजर पोहोचेल तिथवर मिरची उन्हात पसरलेली, आणि डोक्यावर पदर बांधून ती खालीवर करणाऱ्या बायका. दामिनीने पहिले पाऊल टाकले आणि तिला ठसका लागला, तो थांबेना. डोळ्यांतून धारा वाहू लागल्या. अशा अवस्थेत तिच्यासमोर एक उंच, सावळा तरुण येऊन उभा राहिला आणि अर्ज बघायचे सोडून तिच्याकडेच बघत राहिला.

"शेठ, पोरगीले गूळ द्या," मुकादम जसोदाबाई त्याला दरडावत म्हणाली, "ठसका लागना तिले. पाहत काय बसनात?"

गूळ आला, पाणी आले. अर्जावरचा आपला क्रमांक पाहून अभिनंदन ओशाळला. त्या दिवशी त्या दुकानात तिच्या आधी तोच बसला होता. त्याने एम.कॉम.ला प्रवेश घेतला, आणि वडिलांनी मिरचीचा व्यापार हाती दिल्यावर तो पहिल्याच वर्षी सोडला.

"म्हणजे तुमचंही खातं आहे," दामिनी डोळे पुसत म्हणाली. "त्यातली पत्रं कोण वाचतं?"

"कोणीच नाही."

"मग मला खोटी ठरवण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?"

तो हसला. कोड त्याने तिथेच सांगितला, खाते उघडले. हैदराबादचे उत्तर अजून आले नव्हते. क्रमांक बदलायचा तर त्याच क्रमांकावर आणखी एक कोड मागवावा लागत होता. बस निघायची वेळ झाली आहे, असे दामिनी म्हणाली. पुढची बस अर्ध्या तासाने होती, हे दोघांनाही माहीत होते.

क्रमांक तसाच राहिला, आणि कोडचे फोन रोजचे झाले. सुरक्षेसाठी खाते दररोज आपोआप बंद होई. दामिनी शहाद्याच्या महाविद्यालयातल्या प्रयोगशाळेतून, सुटीच्या दिवशी घरून, पासवर्ड भरी, नंदुरबारला कोड जाई आणि पाठोपाठ फोन. अभिनंदन निम्मे अंक सांगे आणि थांबे. उरलेले अंक एका प्रश्नाच्या उत्तरावर मिळत. आज डब्यात काय होते? वनस्पतींच्या पेशी बघून कंटाळा येत नाही का? हसताना फोन तोंडापासून दूर का धरता? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तिने दिले नाही, आणि तरीही त्या दिवशी अंक पूर्ण मिळाले.

उलट तिनेही त्याला सोडले नाही. त्याचे ओसाड पडलेले खाते तिने त्याच्याकडून उघडवून घेतले. शेकडो न वाचलेली पत्रे कशी निवडावी, कोणती ठेवावी, कोणती टाकून द्यावी, हे शिकवले. दर्जाप्रमाणे मिरची वेगळी करणाऱ्या माणसाला हे जमू नये याचे तिला नवल वाटे. त्याचे म्हणणे असे, की मिरची निदान शिंक तरी आणते.

त्याच्या फोनमध्ये तिचे नाव "विद्यापीठ" असे नोंदवलेले होते. गल्ल्यावर बसलेले दीपचंदशेठ, त्याचे वडील, फोन वाजला की चष्मा सरकवून पडद्यावरचे नाव वाचत आणि भर लिलावात मारवाडीत हाक देत, "अभि, थारी युनिव्हर्सिटी रो फोन!" सोडून दिलेल्या विद्यापीठाला मुलाची एवढी आठवण का यावी, हा प्रश्न ते हल्ली मोठ्याने विचारू लागले होते. इकडे म्हसावदला सिंधुबाईही लेकीला विचारत, "रोज रोज कोनासंगे बोली ऱ्हायनी वं?" आणि लेक सांगे, "विद्यापीठाशी." एका खोट्याचे दोन घरी दोन वाटेकरी होते.

माघात हैदराबादचे पत्र आले. निवड झाली होती. मात्र होकार विद्यापीठाच्याच पत्त्यावरून, दुसऱ्या दिवशी पाचच्या आत पोहोचायला हवा होता. वडिलांशी बोलून उद्या कळवते, असे दामिनी म्हणाली. "उद्या फोन हातात धरून बसतो," अभिनंदन म्हणाला. आवाज हलका ठेवण्याचा त्याचा प्रयत्न तिला नीट ऐकू आला.

रात्रभराच्या वादानंतर तिच्या वडिलांनी, सुकलालभाऊंनी, होकारार्थी मान हलवली. पण दुसऱ्या दिवशी दुपारीच आभाळ अवेळी भरून आले.

प्रयोगशाळेत तिने कोड मागवला, फोन लावला. घंटा वाजत राहिली. कोडची मुदत संपली. पुन्हा कोड, पुन्हा घंटा, पुन्हा तेच. खिडकीबाहेर वारा उसाची वाळली पाने अंगणभर फिरवत होता. ती उठली, बसली, पुन्हा उठली. त्याला जमत नसेल... की त्याला जमवायचे नसेल? हा विचार मनात आल्याबद्दल तिला स्वतःचाच राग आला. पण विचार जाईना. यानंतर एकच संधी, असे पडद्यावर उमटले. साडेचार वाजून गेले होते. तिने शेवटचा कोड मागवला आणि या वेळी फोन लावलाच नाही. टेबलावर ठेवून त्याच्याकडे नुसती पाहत राहिली.

तो आपणहून वाजला.

"लिहून घ्या," अभिनंदन धापा टाकत म्हणाला. पावसाच्या आवाजात त्याचा आवाज बुडत होता. त्याने अंक सांगितले, सगळे, एका दमात, मध्ये न थांबता. मागे जसोदाबाई ओरडत होती, "ताडपत्री सोडीसन कोठे पयना हाऊ पोऱ्या?"

होकार वेळेत गेला. मिरची मात्र पुरती वाचली नव्हती. ताडपत्रीचे त्याच्या हातातले टोक सुटले आणि तिथला ढीग भिजला. जाकीट छपरीत राहिले होते, फोन जाकिटात, आणि ते आठवताच तो धावला होता. एवढे सांगून तो म्हणाला,

"आता क्रमांक बदला."

"कंटाळलात?"

"आज मी ढीग सोडून धावलो. उद्या तुम्ही हैदराबादला असाल, आणि मी एखाद्या दिवशी नाही धावू शकलो तर? तुमच्या खात्याची किल्ली माझ्या जाकिटात असणं बरं नाही, दामिनी."

त्याने तिचे नाव पहिल्यांदाच घेतले होते. ते अशा वाक्यात घ्यावे, याचे तिला फार वाईट वाटले. आणि तो म्हणाला त्यात खोडून काढण्यासारखे काही नव्हते, याचे त्याहून जास्त. तिने वाद घातला, हरली आणि क्रमांक बदलला. त्यासाठी लागलेला कोडही त्याने न थांबता सांगितला. "झालं?" "झालं." मग रेंज जाईपर्यंत फोन कोणीच ठेवला नाही.

पुढचे दिवस विलक्षण सोयीचे होते आणि ती सोय तिला सोसवेना. पासवर्ड भरावा, कोड आपल्याच हातात उमटावा, खाते निमूट उघडावे. डब्यात काय होते, हे विचारणारे कोणी नव्हते. ती खाते उघडी, बंद करी, पुन्हा उघडी. हैदराबादहून वसतिगृहाचे पत्र आले, ते तिने वाचले आणि लगेच विसरली. नंदुरबारहून काही येईना. तो फोन करणार नाही, हे तिला कळत होते: त्याच्याकडे कधीच कारण नव्हते. कारण नेहमी तिच्याकडे असे, आणि ते तिने स्वतःच्या हाताने पुसून टाकले होते.

एका दुपारी ती प्रयोगशाळेतून बाहेर आली. अंगणातल्या निंबाखाली उभी राहून तिने तो पाठ झालेला क्रमांक लावला. घंटा पुरती वाजलीही नाही.

"कोड आला नाही," तो घाईघाईने म्हणाला.

"येणार नाही. तो आता माझ्याकडे येतो."

"मग... काही अडचण?"

"काही नाही. आज काहीच कारण नाही, अभिनंदन. म्हणून केला."

पलीकडे लिलाव चालू होता. भाव पुकारले जात होते, माणसे शिंकत होती. त्या गोंगाटातून दीपचंदशेठांचा आवाज आला. ते विचारत होते, कुण है, युनिव्हर्सिटी?

सुटायला त्याला एक शब्द पुरेसा होता, आणि तो शब्द रोजच्या सवयीचा होता.

"नाही बाऊजी," अभिनंदन म्हणाला. त्याने फोन झाकला नव्हता, आवाजही खाली आणला नव्हता. "दामिनी है. म्हसावदवाली."

लिलाव थांबल्यासारखा झाला. कोणीतरी हसले, जसोदाबाईच असावी. दीपचंदशेठांनी एवढेच म्हटलेले दामिनीला ऐकू आले, की उन्हात उभा राहून बोलू नकोस, छपरीत जा.

"जातोय," तो म्हणाला. पुकारे मागे पडत गेले. पावलांखाली वाळली मिरची कुरकुरत असल्याचे तिला इतक्या दूरवर ऐकू येत होते. मग तोही आवाज थांबला.

"हं," अभिनंदन म्हणाला. "आता सांग. आज डब्यात काय होतं?"

दामिनी हसली, आणि या वेळी तिने फोन दूर धरला नाही.