भात्यावरचा माणूस

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण यात तिखटमीठ लावलेलं काही नाही. ज्या दोघी बहिणींवर हे बेतलं, त्यातली धाकटी उगाच घाबरणाऱ्यातली नाही. आणि वेळही भुताखेतांची नव्हती. शनिवारची भर दुपार. बाहेर लख्ख ऊन. जागा म्हणजे बंद पडलेल्या शाळेचा, वरच्या मजल्यावरचा चित्रकलेचा हॉल.

तिथे त्यांची तालीम चालायची.

ही मंडळी युरोपातलं सात-आठशे वर्षांपूर्वीचं संगीत वाजवत. तेही त्या काळच्या वाद्यांवर. जुन्या पानांवरच्या खुणांचा अर्थ लावून सूर बसवायचे, सुताराच्या मागे लागून वाद्यं घडवून घ्यायची, आणि मग मूठभर लोकांपुढे वाजवायचं. त्यातही निम्मे आपलेच नातेवाईक. हे खूळ मुळात मास्तरांचं. इतिहास शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ, पण निवृत्त झाले ते फक्त शाळेतून.

धाकटी गजाने वाजवायचं तंतुवाद्य वाजवायची. त्याला तारेऐवजी आतड्याची तात. हवा जरा बदलली की तात उतरलीच म्हणून समजा. निम्मी तालीम सूर जुळवण्यात जायची.

"आपण वाजवतो कमी आणि खुंट्या पिळतो जास्त," असं ती म्हणे.

तिची थोरली बहीण, जिला सगळेच अक्का म्हणत, नळ्यांचा बाजा वाजवायची. पेटीची खापरपणजी म्हणा ना. पुढे पट्ट्या, वर नळ्यांची रांग आणि पाठीमागे कातड्याचे दोन मोठे भाते. एक भाता खाली बसेपर्यंत दुसरा उचलायचा. ते काम अक्काच्या नवऱ्याचं. ती सगळ्यांची अक्का, म्हणून ते सगळ्यांचे भाऊजी.

वर्षानुवर्षं भाऊजी त्या नळ्यांच्या भिंतीआड बसले. कार्यक्रमात ते कुणाला दिसायचे नाहीत. टाळ्या वाजायच्या तेव्हा घाम पुसत मागेच असायचे. विजेचा पंखा लावून हवा देऊ, असं कुणी सुचवलं की मास्तर कानांत बोटं घालायचे. "त्या काळी वीज होती का?"

मागे बसलेल्याला पुढचं काही दिसत नाही. म्हणून नवराबायकोने एक खूण ठरवली होती. भात्यात हवा नसताना अक्का नुसतीच पट्टी दोनदा दाबायची.

टक... टक.

म्हणजे, हवा द्या.

आणि नियम एकच. सूर चालू आहे तोवर भात्यावरून उठायचं नाही. हवा तुटली की सूर रडत खाली येतो आणि सगळ्यांच्या मेहनतीवर पाणी पडतं.

शेवटी शेवटी भाऊजींना धाप लागायची. धाकटी खुंट्या पिळत बसायची, अक्का जुळवणीचा सूर धरून ठेवायची, आणि मागून त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजत राहायचा. तरी ते उठायचे नाहीत.

मग एका सकाळी दवाखान्यातच ते वारले.

थोड्याच दिवसांनी मास्तरांचा निरोप आला. कार्यक्रम आधीच ठरलेला आहे, भाता मी स्वतः मारतो, तुम्ही फक्त या. अक्का हो म्हणाली. नाही म्हणायलाही अंगात त्राण लागतं, ते तिच्यात उरलं नव्हतं. भाऊजी गेल्यापासून तिला झोप नव्हती. रात्रभर छताकडे बघत पडायची. धाकटीला एवढंच वाटत होतं की हा एक कार्यक्रम कसाबसा उरकावा, बहिणीला आपल्या घरी न्यावं आणि पोटभर झोपू द्यावं.

दुसरं काही तिने मागितलं नव्हतं.

त्या शनिवारी अक्का नेहमीसारखी सगळ्यांच्या आधी पोचली. तिथे काय झालं, ते तिने धाकटीला एकदाच सांगितलं. पुन्हा कधी नाही.

बाज्यावरची चादर काढून ती बाकावर बसली. हॉल रिकामा. रस्त्यावरची गाड्यांची ये-जाही त्या वेळी कमी होती. दमलेलं माणूस बसतं तशी ती नुसतीच बसून राहिली. आणि सवयीने तिचा हात पट्टीवर गेला.

टक... टक.

दाबल्यावर तिला कळलं, आपण काय केलं. मागे कोण होतं हवा द्यायला?

आणि मागे... कातडं करकरलं.

सूर आला.

भात्यात राहिलेली हवा असेल, असं तिला वाटलं. राहते थोडी. पण ती दोन श्वासांत संपते.

ही संपली नाही.

सूर चालूच. आणि डावा भाता संपून उजवा उचलला जाताना... एक बारीकसा हिसका. भाऊजींचा उजवा खांदा दुखायचा. तो हिसका त्यांचाच. दुसऱ्या कुणाचा असणंच शक्य नव्हतं.

अक्काला भीती वाटली नाही. आधी राग आला, असा मधेच हात सोडून गेल्याचा. मग रडू आलं. बोट मात्र उचलवेना. बोट उचललं की सूर थांबणार, आणि सूर थांबला की ते उठणार.

"अहो... दमलात ना?" तिने विचारलं.

मागून शिट्टीसारखा श्वास... आधी हळू, मग मोठा, मग तुटक.

तो ऐकवेना, तेव्हा तिने बोट उचललं.

सगळं शांत झालं.

मग मागचं स्टूल सरकलं. पावलं वाजली... नळ्यांना वळसा घालून, सावकाश, पाय ओढत पुढे आली. तिच्या बाकाशी येऊन थांबली.

दिसलं काहीच नाही.

अक्का बाकावर थोडी बाजूला सरकली. का सरकली, ते तिलाही सांगता आलं नाही. दमलेलं माणूस शेजारी येऊन उभं राहिलं की आपण सरकतो, तशी.

आणि तिच्या डोळ्यांदेखत मधली पट्टी खाली गेली.

टक... टक.

कुणीतरी हवा मागत होतं.

अक्का उठली. मागे गेली. आणि भात्यावर बसली.

पुढचं मात्र धाकटीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. तिला आणि मास्तरांना त्या दिवशी बराच उशीर झाला होता. जिन्यातच सूर ऐकू आला. तोच, जुळवणीचा.

"बघ, लागली की नाही तुझी अक्का कामाला!" मास्तर खूश झाले.

"पण मास्तर, हवा कोण देतंय?"

मास्तर पायरीवरच थांबले. मग दोघंही जवळजवळ धावतच वर गेले.

बाकावर कुणी नव्हतं.

मधली पट्टी खाली होती... आणि सूर चालू होता.

"लाकूड फुगलं असेल, पट्टी अडकलीये," असं म्हणत मास्तरांनी तिच्याखाली नख घातलं. पट्टी हलेना. त्यांनी जोर लावला. मग बोट झटकन मागे घेतलं.

"अडकली नाहीये," ते हळूच म्हणाले. "दाबलीये..."

धाकटी नळ्यांमागे धावली.

अक्का घामाने निथळत होती. डोळे मिटलेले. तळहातांची सालं निघालेली. हात मात्र खाली-वर, खाली-वर.

"अक्का! ऊठ!"

"कशी उठू? सूर चालू आहे ना."

"अगं, पुढे कुणी नाहीये!"

"मग वाजवतंय कोण?"

धाकटीने तिची बोटं भात्यांच्या दांड्यांवरून एकेक करून सोडवली. भाता बसला. सूर रडत रडत खाली आला आणि विझला. पुढे मास्तर किंचाळले. पट्टी आपोआप वर आली होती... कुणीतरी सावकाश बोट काढून घेतल्यासारखी.

अक्का बहिणीकडे बघत राहिली. इतक्या परक्या नजरेने तिने आधी कधी बघितलं नव्हतं.

"मला लगेच ऊठ म्हणालीस," ती म्हणाली. "हे इतकी वर्षं इथे बसले. यांना कधी कुणी म्हटलं का, उठा म्हणून?"

मास्तर खाली बघत होते. खरंच, कधी कुणी म्हटलं नव्हतं.

कार्यक्रम झाला, पण बाज्याशिवाय. आता मास्तर सांगतात की उन्हाने कातडं ताणतं, भात्यात हवा कोंडून राहते, होतं असं कधीकधी. सांगताना ते एक बोट मात्र मुठीत धरून असतात.

अक्का धाकटीच्या घरी राहते. धाकटीच्या मनासारखं झालं. अक्काला झोप लागते. दुपारी जेवण झालं की आरामखुर्चीत तिचा लगेच डोळा लागतो.

आणि मग तिचे हात हलायला लागतात.

डावा वर... खाली. उजवा वर, मधे एक बारीकसा हिसका... खाली.

अक्काच्या हाताला कधीच हिसका नव्हता.

डॉक्टर म्हणाले, मनावर परिणाम झालाय, जाईल हळूहळू. एकदा धाकटीला ते बघवेना. तिने अक्काचे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरले.

हात थांबले.

आणि अक्काचा श्वास थांबला.

तोंड उघडं. छाती स्थिर. धाकटीने नाकाशी बोट धरलं... काही नाही. घाबरून तिने हात सोडले. डावा हात सावकाश वर गेला, खाली आला. तेव्हा कुठे छाती हलली, शिट्टीसारखा आवाज करत.

त्यानंतर धाकटीने ते हात कधी धरले नाहीत. अक्काचा डोळा लागला की ती शेजारी खुर्ची ओढून बसते. दारावर कुणी आलं, फोन वाजला, तरी उठत नाही. अक्का जागी होईपर्यंत ती त्या हातांकडे बघत बसून राहते.