अठरा नंबरचा बिल्ला

साल एकोणीसशे सत्त्याऐंशी. मार्चमधला शनिवार. माझ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, हे मला आयुष्यात तीनदा सांगितलं, आणि तिन्ही वेळा एक अक्षर बदललं नाही. म्हणून मी ते खरं मानते.

अशा गोष्टी रात्रीच घडतात, हे डोक्यातून काढून टाका. ही भर उन्हातली आहे.

अक्काचे यजमान घड्याळजी. गावभरची घड्याळं वेळेवर आणणारा हा माणूस स्वतः मात्र कुठंही वेळेवर पोचला नाही. अक्काच्या हट्टापायी त्यांनी नदीवरच्या पाच दिवसांच्या बोटसहलीची तिकिटं काढली. पाण्याची भारी भीती त्यांना. "बसनं म्हणशील तिथं येतो. बोटीचं तेव्हाचं तेव्हा बघू," म्हणायचे.

निघायच्या महिनाभर आधी ते गेले.

अक्का इस्पितळातून फक्त अंघोळीपुरती घरी आली होती. "आलेच हं मी," असं त्यांना सांगून.

"जा तू. मी इथंच आहे," ते म्हणाले होते.

ती परतली, तेव्हा खाट रिकामी होती.

नणंदेनंच स्वतःचं वेगळं तिकीट काढून तिला सहलीला ओढून नेलं. "वहिनी, तिकीट फुकट घालवलंत तर दादा मलाच रागवेल!" पहिला दिवस बसनं शहर बघायचं, पाच वाजता धक्क्यावरून बोटीत चढायचं.

बसच्या दाराशी एक फळी होती, तिच्यावर नंबर टाकलेले खिळे. प्रत्येकाला त्याच्या नंबराचा पितळी बिल्ला. उतरताना खिळ्याला अडकवायचा, चढताना काढून घ्यायचा. बिल्ला लटकताना दिसला, की माणूस बाहेर आहे. मग बस हलायची नाही.

यादीत नावं अजून नवरा-बायको दोघांची होती. गाइडनं सतरा आणि अठरा, दोन्ही बिल्ले पुढं केले. 'एकच द्या,' एवढंच म्हणायचं होतं.

तिला म्हणवेना. तिनं दोन्ही घेतले.

पहिलं ठिकाण संग्रहालय. उतरताना हाताला सवय, तिनं दोन्ही बिल्ले अडकवले. परत आली, तर अठराचा खिळा रिकामा.

बिल्ला शेजारच्या खिडकीपाशी होता… त्यांच्या जागेवर.

"वन्सं, तुम्ही काढलात?"

"मी तुमच्या मागून चढले ना!"

दुसरं ठिकाण काचेचा कारखाना. या वेळी तिनं तो बिल्ला रुमालात गाठ मारून पर्समध्ये ठेवला. परतल्यावर बघते, तर गाठ तशीच. आत काहीच नाही.

बिल्ला खिळ्यावर होता… हलकेच झुलत.

तिच्या डोळ्यांदेखत तो थांबला. मग खिळा रिकामा झाला.

शेजारच्या रिकाम्या जागेवरून आवाज आला… कर्र… कर्र… घड्याळाला किल्ली देताना येतो तसा. त्यांचं घड्याळ घरी कपाटात बंद होतं.

अक्काला भीती वाटली नाही. तिचे डोळे नुसते वाहत राहिले.

शेवटचं ठिकाण टेकडीवरची बाग. चार वाजून गेले. सगळे चढले. फळीवर एकच बिल्ला उरला.

"अठरा कोण? अठरा नंबर आले नाहीत!" गाइड ओरडला.

"बोट काय आमच्यासाठी थांबणार आहे?" मागून कुणीतरी कुरकुरलं. "फुलं मोजत बसलेत वाटतं!"

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. नणंद कानाशी कुजबुजली, "वहिनी, सांगून टाका ना त्यांना… की दादा…"

अक्का उठून उभी राहिली. "दहा मिनिटं थांबा. त्यांना उशीर होतोच. पण ते येतात."

एकदा ती थांबली नव्हती. आता थांबणार होती.

पाच मिनिटं… सात…

पायरी करकरली. बस त्या बाजूला किंचित झुकली, कुणी जड माणूस चढावा तशी. दारात कुणीच नव्हतं.

खिळा रिकामा.

गाइडचा चेहरा पांढराफटक पडला. "आले," तो कसाबसा म्हणाला. "चला."

धक्क्यावर सगळ्यांनी बिल्ले कायमचे परत अडकवले. अठराचा खिळा तेवढा रिकामा राहिला.

अक्का बसकडे वळली. त्यांच्या खिडकीची काच दोन बोटं सरकवलेली होती, ते नेहमी सरकवायचे तेवढीच. पाण्याची भीती… ते उतरणार नव्हते.

"आलेच हं मी," ती काचेशी म्हणाली, आणि बोटीत चढली.

पाच दिवस ती शांत होती. पाचव्या दिवशी बोटीनं सगळ्यांना नदीच्या खालच्या अंगाच्या शहरात उतरवलं. तिथून घरी रेल्वेनं. गाडी सुटल्यावर तिच्या लक्षात आलं… बोट त्या धक्क्यावर परत जाणारच नव्हती.

ती किंचाळली म्हणे. नणंदेनं घट्ट धरून ठेवलं.

पुढं वर्षभरानं अक्का बसच्या त्या पहिल्या शहरात गेली. कंपनी बंद पडली होती, बस भंगारात गेली होती. ड्रायव्हर भेटला नाही. गाइडनं ती नोकरी केव्हाच सोडलेली, तो शाळेत शिकवत होता. तो एवढंच म्हणाला, "रोज संध्याकाळी मी ती काच लावायचो, बाई. सकाळी उघडी असायची."

नणंद दोन हजार चारमध्ये गेली. अक्का त्यानंतर सहा वर्षांनी, माझ्या मांडीवर. शेवटी तिचे ओठ हलले. "आलेच हं…"

कुठं पोचली असेल ती? बस तर राहिली नाही.

त्यांचं घड्याळ आता माझ्या कपाटात आहे. मी त्याला कधीच किल्ली देत नाही.

तरी ते चालू असतं.